देवणीच्या बाजारातली साक्ष

१२ जानेवारी, सोमवार

पाळकसाहेबांनी चहाला नको म्हटलं! आमच्या घरी येऊन चहा नाकारणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर चिडलेला. राजशेखरसाहेब ठणठणीत दिसत होते.

प्रकरण असं. शनिवारी नांदेडला सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या लेकरांची शास्त्राची प्रश्नमंजूषा झाली. उदगीरच्या आमच्या संडे स्कूलची चार पोरं गेली होती, त्यात माझी कृपा. प्रश्न आला — 'प्रभू येशूने परक्या माणसाजवळ पाणी कोठे मागितले?' कुठलंही ख्रिस्ती लेकरू झोपेत सांगेल — शोमरोनात, विहिरीवर, त्या बाईजवळ. आमच्या चौघांनी एका सुरात ठोकून दिलं — 'देवणीच्या बाजारात!' वर चौघांनी ओंजळी पुढं केल्या. सगळा हॉल हसला म्हणे. परीक्षकांनी विचारलं, कुठल्या अध्यायात आहे? तर कृपा म्हणते, 'अध्याय नाही, आमच्या आत्याआजीला पाठ आहे.'

मला हसू येत होतं, ते पदरात दाबलं.

साहेबांना इथं येऊन जेमतेम आठ महिने झालेत. त्यांनी कापणीचा सण इथला अजून पाहिलेलाच नाही. म्हणून सांगितलं — सटवाजीबाबा देवणीचे. बाजाराच्या कडेला लोकांचे बैल राखायचे. त्यांच्या मडक्यातलं पाणी कोणी पीत नसे. एका बाजारच्या दिवशी भर उन्हात कोणी अनोळखी माणूस थांबला आणि ओंजळ पुढं करून त्यांच्याकडं पाणी मागितलं. तो प्रभूच होता, अशी बाबांची खात्री. आमच्या मंडळीतला पहिला विश्वासणारा माणूस तो. त्यांची ही साक्ष केवळाबाई, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुदर्शनची आत्या, दरवर्षी कापणीच्या सणाला कणसांच्या पेंढ्यांपुढं उभी राहून तोंडपाठ म्हणते. 'मी सटवाजी' असं सुरू करते. सगळं हातवाऱ्यांसकट. ओंजळीच्या ओळीला आली की म्हातारीकोतारीपासून मांडीवरच्या लेकरापर्यंत सगळे तिच्याबरोबर ओंजळ करतात. मीही करते. लग्न होऊन आले तेव्हापासून.

"हे पवित्र शास्त्रात नाही ना, ताई?"

"नाही."

"मग वेदीसमोर कशासाठी? लेकरं शास्त्र कोणतं आणि गोष्ट कोणती हेच विसरून राहिली."

 त्यांना यंदापासून साक्ष बंद करायची आहे. सण आठ फेब्रुवारीला. मी अजिजी केली — आत्याचं वय बघा, वर्षभर ती त्या दिवसाची वाट बघते. मग त्यांनीच डाव टाकला. म्हणाले, तुम्ही ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवता. दोन रविवार उपासनेनंतर मंडळीला सांगा, पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कुठलं लिखाण शास्त्र म्हणून घेतलं, कुठलं बाजूला ठेवलं, कशावरून. एक तारखेला कमिटी बसेल. तुम्ही म्हणाल ते मी मान्य करीन.

म्हणजे धोंडा माझ्याच गळ्यात!

१३ जानेवारी

आत्याला सांगितलं नाही. तिनं विचारलं, पाळक कशाला आलता? म्हटलं, कृपाच्या परीक्षेचं.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीच्या सुट्टीत वाचायला बसले ते बरं केलं की वाईट, कळेना. लहानपणापासून एकच जाड काळं पुस्तक बघितलं. मला आपलं वाटायचं, ते तसंच बांधून वरून आलं. आता वाचते तर काय — शे-दोनशे वर्षं पुस्तक असं नव्हतंच! सुटी पत्रं. एका मंडळीला आलेलं पत्र दुसरीनं उतरवून घ्यायचं, मोठ्यानं वाचायचं, तिसरीला द्यायचं. प्रभूच्या चरित्राची चार शुभवर्तमानं हळूहळू सगळीकडं स्थिरावली. पण काही पत्रांवर कित्येक पिढ्या वाद. हे नक्की प्रेषिताचंच का? एका मोठ्या पत्राबद्दल तर त्या काळच्या एका पंडितानं सरळ लिहून ठेवलंय की ते लिहिलं कोणी हे देवालाच ठाऊक. आणि आज आमच्याकडं नव्या करारात आहेत ती पुस्तकं, सत्तावीसच्या सत्तावीस, तेवढीच, अशी यादी पहिल्यांदा सापडते ती चौथ्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या बिशपनं इस्टरला मंडळ्यांना धाडलेल्या पत्रात.

हे मी आमच्या मंडळीत उभं राहून सांगायचं? ज्या बायका आजारी लेकराच्या उशाशी शास्त्र ठेवतात त्यांना?

 उठून भाकरी टाकल्या.

कृपा दोन दिवस धुमसते आहे. आज फुटली — "खोटं होतं तर मला का शिकवलं?" खोटं नाही गं, म्हटलं. "मग ते का हसले?"

१८ जानेवारी, रविवार

पहिलं भाषण झालं. पहिलंच वाक्य दोनदा म्हटलं. बोर्डाच्या वर्गात सत्तर पोरांपुढं कधी असं होत नाही.

सुट्या पत्रांचं सांगितलं. वाचून दाखवणाऱ्याच्या आवाजावर सगळं होतं, बहुतेकांना वाचता येत नव्हतं, हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका जरा सरसावून बसल्या. मला बरं वाटलं. तेवढ्यात रामलिंगकाका उठले! कमिटीतले सगळ्यात जुने. मोंढ्यात अडतीवर जन्म गेला, माल हातात घेऊन पारखल्याशिवाय हो म्हणत नाहीत.

"म्हंजी बाई, हे मान्सायनी ठरवलं म्हना की."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मी म्हटलं, काका, मंडळ्या जे वर्षानुवर्षं वाचत होत्या, ज्यानं त्यांचा विश्वास टिकला, ते त्यांनी ओळखलं. ठरवणं आणि ओळखणं यात फरक आहे.

"आसंल," काका म्हणाले आणि बसले. त्या 'आसंल'नं माझी दुपारची झोप उडवली. खरंच आहे का फरक? की मला हवा आहे म्हणून आहे?

१९ जानेवारी

स्टाफरूममध्ये धम्मप्रिया मॅडमना सांगून टाकलं. त्या मराठी शिकवतात, आमचा डबा एकत्र. त्या हसल्याच. "कशाला एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? आमच्याकडं तर कितीतरी वर्षं नुसतं पाठांतर. भिक्खू मिळून म्हणायचे. एक चुकला तर बाकीचे धरायचे. लिहिणं लई नंतर." मग मेथीची भाजी माझ्या डब्यात टाकत म्हणाल्या, "तुमची आत्या चुकली तर धरायला कोण आहे?"

कोणीच नाही. सटवाजीबाबांना डोळ्यांनी पाहिलेलं माणूस मंडळीत आता एकच. तीच.

२२ जानेवारी, गुरुवार

आत्याला कळलं. कळणारच होतं. दूधवाली सांगून गेली.

अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वर बघितलंच नाही. "मला परीक्षेचं सांगितलंस." मी मेल्याहून मेल्यासारखी.

जवळ बसले. शेंगा घेतल्या. सोलता सोलता म्हणाली, "पाळकाचं बराबर हाय. पुस्तकात न्हाई ते न्हाई. मी कवा म्हनलं पुस्तकात हाय?"

"मग बंद करायचं?"

"तू मास्तरीन. तू सांग."

हेच मला नको आहे! सगळे माझ्याकडं बघतात आणि मला पुस्तकं वाचून वाचून उलट कमीच कळायला लागलंय. पण शिक्षकाची सवय, कामाचं विचारून घेतलं. पहिल्या मंडळ्या आधी हेच बघायच्या, की लिखाण कुणापासून आलं. प्रभूला पाहिलेल्या माणसाचं, निदान त्याच्याजवळच्या माणसाचं आहे का. म्हणून विचारलं — आत्या, ही साक्ष तुम्ही बाबांकडूनच घेतली ना? मधे दुसरं कोणी?

"दुसरं कोन? त्याच्या पुढ्यात बसून घेतली. मी धा-अकरा वर्साची. आपल्या येशूच्या देवळाच्या पायरीवर बसायचा, मी समोर. एकेक बघून बघून मनात बसवलं."

जीव भांड्यात पडला. साक्षीदार समोर, साखळी एकाच कडीची. पहिल्या शतकातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा पुरावा पक्का!

२५ जानेवारी, रविवार

दुसरं भाषण. आज जरा जमलं.

अंत्युखियाच्या बिशपची गोष्ट सांगितली. एका गावच्या मंडळीत प्रभूचा शिष्य पेत्र याच्या नावाचं एक शुभवर्तमान वाचत होते. बिशप भेटीला आला, त्याला विचारलं, चालेल का? त्यानं न वाचताच सांगितलं, वाचा की! पुढं तक्रार आली, तेव्हा त्यानं ते मागवून वाचलं, काही भाग खटकला आणि मग परवानगी काढून घेतली. मंडळी हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. मी मुद्दामच सांगितलं होतं — ऐकण्याआधी हो म्हणू नये, तसं नाहीही म्हणू नये. त्यांना बरोबर कळलं.

पण मी दुसरी गोष्ट सांगितली ती त्यांनी उचलली. मेंढपाळाच्या दर्शनांचं एक पुस्तक होतं. खूप मंडळ्यांचं लाडकं. काही जण तर शास्त्रातच धरायचे. एका जुन्या यादीत त्याच्याबद्दल म्हटलंय — वाचावं, पण मंडळीत सगळ्यांसमोर नाही. "बघा," साहेब म्हणाले, "घरी म्हणा. कोणाची ना आहे?" मी पुढच्या कागदाकडं वळले.

शेवटी शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काचं सांगितलं. मार्कानं स्वतः प्रभूला पाहिलेलं नव्हतं, असं जुने लोक सांगतात. तो पेत्राचा दुभाष्या. पेत्र सांगायचा, मार्क दुसऱ्यांना कळेल अशा भाषेत मांडायचा. त्याचं चाललं, कारण मागे पेत्र होता. आत्या पहिल्या बाकावर होती. एवढा वेळ पदर तोंडावर धरून बसलेली बाई एकदम मान हलवायला लागली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "ते दुभाश्याचं लई गोड सांगितलंस."

२८ जानेवारी, बुधवार

सुचलं! भांडी घासताना सुचलं.

साहेबांचा मूळ राग शब्दांवर नाहीच. नांदेडच्या हॉलमध्ये लोक हसले ते ओंजळींवर. "वेदीसमोर ते हातवारे, बाहेरचा माणूस काय म्हणेल," हे ते दोनदा बोललेत. मग दोन्ही वेगळं का करू नये? शब्द सटवाजीबाबांचे. पहिल्या विश्वासणाऱ्याची साक्ष म्हणून ते राहावेत. शास्त्र म्हणून नव्हे, साक्ष म्हणूनच. आधी तसं जाहीर सांगायचं, म्हणजे लेकरांचा घोटाळा नको. आणि हातवारे? ते आत्याचे. म्हणता म्हणता सवयीनं आलेले. ते सोडायचे. मूळ ते ठेवायचं, मागाहून चिकटलेलं काढायचं. पहिल्या मंडळ्यांनी तरी दुसरं काय केलं?

सुदर्शनला फोन करून सांगितलं. तो नोकरीला नांदेडात; तिथून म्हणाला, "तू वकील व्हायला पाहिजे होतीस." आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१ फेब्रुवारी, रविवार

कमिटी बसली. मी मांडलं. रामलिंगकाकांनी विचारलं, "शब्द बाबाचेच, हे कशावरून?" म्हटलं, आत्यानं त्यांच्या पुढ्यात बसून, त्यांच्या तोंडून घेतलेत, मी स्वतः विचारून घेतलंय. काका म्हणाले, मग झालं. साहेबही मऊ झाले. "हातवारे नाहीत तर माझी हरकत नाही, ताई. तुम्ही मंडळी वाचवली." मतासाठी सगळ्यांनी हात वर केले. साहेबांनी प्रार्थना केली. चहा घेतला — दोन कप!

हसतहसत घरी आले. आत्याला सांगितलं, राहिली तुमची साक्ष!

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग मी दुसरा भाग सांगितला.

"हात न्हाई हालवायचे?"

"नाही. फक्त म्हणायचं."

"आन वंजळ?"

"तीही नाही. कोणीच नाही करायची."

 ती हात मांडीवर ठेवून त्या हातांकडंच बघत राहिली. मी म्हटलं, आत्या, शब्द वाचले ना, महत्त्वाचे तेच आहेत. "तुला जास्त कळतंय," म्हणाली. रागानं नाही. त्यामुळं जास्त लागलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आत्या दोन दिवस अंगणात सराव करते आहे. हात पाठीमागं बांधून. दोनदा मधेच थांबली. पुन्हा पहिल्यापासून. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला एकदाही सराव करताना पाहिलं नाही.

भीती वाटते. वय झालंय, बाकी काही नाही, असं स्वतःला समजावते आहे. कृपा म्हणाली, "आत्याआजीला हातात काहीतरी द्या ना धरायला." पोरीला कळलं ते खरं. ज्वारीची पेंढी देऊ.

७ फेब्रुवारी

पेंढ्या आल्या, हरभऱ्याचे डहाळे आले, भोपळे आले. देवणीहून दोन घरं आली आहेत. मंगळवारपासून बारावीचे पेपर, सुपरव्हिजनची ऑर्डर आली. डोक्यात काही शिरत नाही. उद्या सगळं नीट होऊ दे, प्रभू. एवढंच.

८ फेब्रुवारी, रविवार — कापणीचा सण

देऊळ भरलं होतं. साहेबांनी आधी नीट समजावून सांगितलं — ही साक्ष आहे, शास्त्र नाही, तरी आपल्या पहिल्या भावाचे शब्द आहेत. चांगलं बोलले. मला त्यांचा राग राहिला नाही.

आत्या उठली. नवं लुगडं. दोन्ही हातांत पेंढी घट्ट धरलेली.

"मी सटवाजी. देवनीच्या बाजारात बैल राखनारा. माज्या मडक्याचं पानी कुनी पीत न्हवतं..."

आवाज खणखणीत. पुढं बाजाराचं झालं, उन्हाचं झालं. "एका बाजारी एक मानूस आला. त्याच्या पायाला धूळ. माज्या म्होरं थांबला. त्यानं..."

थांबली.

'त्यानं वंजळ केली' एवढंच यायचं होतं. सगळ्यांना पाठ. मला पाठ, कृपाला पाठ, रामलिंगकाकांना पाठ. आत्याला येईना. पेंढी तिनं आणखी आवळली, दाणे खाली पडले. "त्यानं... त्यानं..."  बाकाबाकांवर लोकांचे हात अर्धे उचललेले, मग एकमेकांकडं बघून खाली. मीच सगळ्यांना बजावलं होतं ना! माझेही हात मांडीखाली दाबलेले होते.

शेवटी तिनं ती ओळ सोडून दिली. पुढचं दोन-चार वाक्यांत उरकलं आणि बसली. साहेब 'आमेन' म्हणाले. पेंढ्या-भोपळ्यांचा लिलाव झाला, जेवणं झाली, देवणीची माणसं म्हणाली छान झालं. आत्याचं वय झालं, असं तिघी-चौघींनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

 आत्या जेवलीच नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा दिला आणि विचारलं, आत्या, काल काय झालं? एवढी पाठ असलेली ओळ?

"हात बांधल्यावर बाबा कसा यील गं मला?" म्हणाली. "त्याला वाचा कुठं व्हती!"

मला कळेना. कोणाला?

"सटवाजीबाबाला. जल्मापासून मुका. हातानं सांगायचा समदं — बैल, ऊन, मडकं, वंजळ. मी बघायची आन तोंडानं म्हनायची. दुभाशी." माझ्याकडं बघून हसली. "तू सांगितलं न्हाईस का त्या दिवशी, त्या मार्काचं? मला वाटलं, तुला ठाव हाय."

"इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"माज्या वारगीच्या, माज्या वयाच्या समद्यास्नी ठाव व्हतं. ते गेले. मागून कुनी इचारलंच न्हाई."

म्हणजे शब्द आत्याचे. ते आम्ही ठेवले. आणि बाबांचं जे होतं, अगदी त्यांचं, त्यांच्या हातांवरून तिनं जसंच्या तसं सांभाळलेलं, ते आम्ही काढून टाकलं.

कमिटीत मताला सगळ्यांनी हात वर केले होते. पहिला माझा.